फौजीच्या आठवणी उतरवायच्या तर रजिस्टरची दोन्ही पानं वापरा

फौजीच्या आठवणी लिहून घ्यायला बसणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी चुकतात. फोनचं रेकॉर्डिंग चालू करतात आणि विचारतात, "अप्पा, लढाईत काय काय झालं ते सांगा." अप्पा दहा मिनिटं खणखणीत बोलतात. ते बोलणं म्हणजे गेली चाळीस वर्षं दर १५ ऑगस्टला शाळेत केलेलं भाषण असतं. शब्द पाठ, टाळ्यांच्या जागासुद्धा पाठ. त्यात अप्पा सापडत नाहीत. आत भाकऱ्या थापणारी आजी तर मुळीच सापडत नाही, आणि अप्पा नसताना घर तिनंच ओढलेलं असतं.

तेव्हा बोलण्याआधी वस्तू. माळ्यावरची ट्रंक खाली काढा. काळी लोखंडी पेटी, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव, युनिट. बढती किंवा बदली झाली की जुन्या अक्षरांवर काळा हात मारून नवीन लिहिलेलं असतं. सकाळच्या तिरप्या उन्हात झाकण थोडं कलतं धरलं की खालची अक्षरं वर येतात, 'हवालदार'च्या खाली 'नाईक', त्याच्याही खाली जुन्या युनिटचा आकडा. तसेच फोटो काढा. रॉकेलच्या बोळ्यानं पुसायला जाल तर वरचा थरही जाईल आणि खालचाही.

आत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डिस्चार्ज बुक. भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, ट्रेड, पदकं, वारसाचं नाव हे सगळं एका ठिकाणी मिळतं. ते हरवलं असेल तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा लागतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे इंजिनियर पलटणीचं, खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं, म्हणजे यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्यांचं, सिकंदराबादला. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलेला बरा, कारण आर्मी नंबर, हुद्दा आणि नावाचं स्पेलिंग तिथले लोक आधीच तपासून घेतात. नावाचं स्पेलिंग हे प्रकरण हलकं घेऊ नका. भरतीच्या दिवशी कारकुनाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं गेलं आणि तेच कायम झालं. गावाचं नावही तसंच. अर्जात आधारवरचं स्पेलिंग टाकलं तर रेकॉर्डला तो माणूसच सापडत नाही. जुन्या कागदावरचं चुकीचं स्पेलिंग जसंच्या तसं लिहा आणि कंसात आजचं. ज्यांना पेन्शन मिळालं नाही अशांची कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर, साधारण २५ वर्षांनी, नष्ट केली जातात. तिथं मग ट्रंकच रेकॉर्ड ऑफिस.

आता पदकं. भिंतीवरच्या फ्रेममधल्या पदकांच्या ओळीकडे पाहुण्यांची नजर जाते, पण ती वाचत कुणी नाही. पदक फ्रेममधून काढून कडेवर भिंग धरा. नंबर, हुद्दा, नाव तिथं कोरलेलं असतं, आणि पदक मिळालं तेव्हाचा हुद्दा काय होता तेही कळतं. रिबनवर आडवी पट्टी असेल तर तीही वाचा, कारण इलाखा किंवा मोहीम तिच्यावरच लिहिलेली असते.

पदकांवरून एक फार कामाचा ताळा बसतो. १९७१ साठी संग्राम मेडल हे त्या काळात वर्दीत असलेल्या सगळ्यांना मिळालं. पूर्वी स्टार पूर्वेच्या युद्धक्षेत्रात असलेल्यांना, पश्चिमी स्टार पश्चिमेच्या. फ्रेममध्ये नुसतं संग्राम मेडल असेल तर माणूस तेव्हा फौजेत होता, पण कदाचित डेपोत किंवा ट्रेनिंग सेंटरला होता. १९६५ चंही असंच, समर सेवा स्टार युद्धक्षेत्राचा, रक्षा मेडल सर्वांना. नातू मात्र उत्साहानं लिहून मोकळा होतो की आजोबा ढाक्याला होते. आजोबा मान हलवतात, कारण नातवाचा हिरमोड करवत नाही. डेपोत बसून पुढच्यांना दारूगोळा पोचवणाऱ्याची हकीकत लिहायची राहून जाते. खरं तर ती हकीकत दुसऱ्या कुणी लिहिलेली नसते. नऊ वर्षांचं आणि वीस वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल असेल तर तेही बघा. भरतीचं साल आठवत नसेल तर उलटी बेरीज करता येते.

पदकांनंतर पत्रं, आणि इथं वेळ द्या.

पत्त्यात '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' दिसेल. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. ५६ साधारण उत्तर-पश्चिमेकडचं, ९९ ईशान्येकडचं. शिक्क्यावर गावाचं नाव नसतं, फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता नंबर असतो. युनिट कुठं आहे ते कळू नये म्हणूनच ती सोय. त्यामुळे पत्रावरून जागा शोधत बसू नका, तारीख तेवढी घ्या. दोन तारखा मिळतात, आत लिहिलेली आणि गावच्या पोस्टाच्या शिक्क्याची. त्यांच्यातलं अंतर दर पत्रागणिक टिपून ठेवा. चार दिवसांचं अंतर एकदम अठरा दिवसांवर गेलं तर पलटण कुठंतरी वर सरकलीय किंवा बर्फानं रस्ता बंद आहे असं धरून अप्पांना विचारायला हरकत नाही. अशा नेमक्या प्रश्नावर माणूस भाषण सोडून बोलायला लागतो.

मजकुरावर मात्र जास्त विसंबू नका. "तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. मी इकडे खुशाल असून तुमची खुशाली कळवावी." लडाखातून हेच आणि अंबाल्याहूनही हेच. फील्डमध्ये पत्रं तपासली जात, हे एक कारण. दुसरं कारण घरात असे. पत्र वडिलांच्या नावानं यायचं, वाचायचा पोस्टमन नाहीतर शाळेतले गुरुजी, आणि ऐकायला अख्खी ओसरी. बायकोसाठी शेवटी एक ओळ, "चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद." तिला लिहिता येत असलं तरी तिचं उत्तर सासऱ्यांच्या पत्रातच, खालच्या घडीवर. नवराबायकोचं खासगी असं कागदावर काही उरलंच नाही. पत्रांत प्रेम नाही असा निष्कर्ष काढणारी नातवंडं असतात. त्यांना हे आधी सांगावं.

मनीऑर्डरीच्या पावत्या सापडल्या तर त्या पत्रांइतक्याच जपा. पैसे कुणाच्या नावानं येत होते ते बघा. बहुतेक घरांत वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या. नवरा महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवतोय आणि त्याची बायको लुगड्यासाठी, पोराच्या औषधासाठी दिराकडे हात पसरतेय, हा ताण त्या पावत्यांत दिसतो. नाव कधी बदललं, कोणत्या महिन्यापासून मनीऑर्डर बायकोच्या नावानं यायला लागली, ती तारीख शोधाच. त्याच्या आगेमागे घरात भांडण झालेलं असतं, चूल वेगळी झालेली असते. अप्पा ही तारीख सांगणार नाहीत. आजीला महिना, वार, सगळं पाठ असतं.

तारेबद्दल एक इशारा. "मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली" अशी तार पेटीत सापडली की लगेच 'पणजी आजारी' असं नोंदवू नका. सुट्टी मिळत नसली की घरून अशी तार ठोकायची रीतच होती. कापणी असायची, बहिणीचं लग्न असायचं, वाटणीचं भांडण असायचं. साहेबांनाही ते ठाऊक असे, म्हणून युनिटकडून पोलिसांमार्फत नाहीतर सैनिक बोर्डामार्फत खात्री केली जाई. आणि मग खरोखरच आई गेली त्या वेळी आलेल्या तारेवर कुणाचा विश्वास बसला नाही, हेही काही घरांत घडलंय. तारेच्या तारखेसमोर आजीला विचारून खरं कारण लिहा.

आता रजिस्टर. दोनशे पानी, आडव्या रेघांचं, शिवलेलं घ्या. स्पायरल नको, वर्षभरात पानं सुटतात. उघडल्यावर समोरासमोर येणारी दोन पानं म्हणजे एक वर्ष. डाव्या पानावर पलटण, उजव्या पानावर घर. समजा, असं:

डावीकडे, ऑक्टोबर १९७१: सुट्टीचे बावीस दिवस शिल्लक असताना तार, युनिटला हजर. डिसेंबर: मोर्चावर. जानेवारी: मुलगा झाल्याचं पत्र मिळालं.

उजवीकडे, ऑक्टोबर: सातवा महिना, माहेरी अक्कलकोट तालुक्यात. डिसेंबर: मुलगा. रेडिओ शेजारच्यांचा, बातम्या ऐकायला सासरे भिंतीपाशी उभे. १९७२: पाऊस नाही, विहीर आटली, ती दुष्काळी कामावर खडी फोडायला, पोर झाडाखाली झोळीत.

दोन्ही पानं भरली की काय विचारायचं राहिलंय ते आपोआप दिसतं. डावं पान भरलेलं आणि उजवं कोरं असेल तर तुम्ही अजून स्वयंपाकघरात गेलेलाच नाहीत.

तारखा दोघांच्या दोन तऱ्हेच्या असतात, हे ध्यानात ठेवा. अप्पा पलटणीच्या पंचांगानं बोलतात: ट्रेनिंग संपल्यावर शपथ घेतात ती कसम परेड, १५ जानेवारीचा आर्मी डे, मराठा पलटणीत असतील तर ४ फेब्रुवारीचा मराठा दिन, बडाखाना म्हणजे पलटणीची मेजवानी, युनिटची बदली. आजी आपल्या सोलापूरकडच्या पंचांगानं बोलते: सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, आषाढी, बहात्तरचा दुष्काळ, उजनीचं पाणी आलं ते साल, किल्लारीचा भूकंप. भूकंपाची तारीख पक्की आहे, ३० सप्टेंबर १९९३. दुष्काळही पक्का. "पोरीचं लग्न भूकंपाच्या आधी की नंतर?" असं विचारलं की साल सापडतं. "साल कोणतं?" असं विचारलं तर दोघंही अंदाज ठोकतात आणि दोन वेगळे आकडे रजिस्टरमध्ये बसतात. आर्मी डे आणि सिद्धेश्वराची यात्रा एकाच आठवड्यात येतात, ही आपल्याकडची सोय. त्या आठवड्यात अप्पा कुठल्या परेडला होते आणि घरातलं कोण नंदीध्वजांच्या मिरवणुकीला गेलं होतं, दर वर्षाचं विचारत जा. बरीच वर्षं भरून निघतात.

प्रवासही ताळ्याला लागतो. पंढरपूर-सांगोल्याकडचा रंगरूट बेळगावला जायचा तो बार्शी लाइटच्या छोट्या गाडीनं मिरजेपर्यंत आणि पुढं मीटरगेजनं. उत्तरेकडं जाणारे सोलापूर किंवा कुर्डुवाडीवरून मोठ्या गाडीला लागायचे. वर्षाची ६० दिवसांची रजा आणि ३० दिवसांची कॅज्युअल कागदावर भरपूर वाटते, पण ती कधी एकत्र मिळाली आणि कधी तुकड्यांत, हे विचारा. परतीच्या ट्रंकेत काय होतं तेही विचारा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी महिनाभर टिकते म्हणून जायची. भाकरी किती, चटणी कुठल्या डब्यात, बराकीत पहिल्या दिवशी किती उरली, हे सांगताना अप्पांचा चेहरा बघा. तिकडं पंजाबी आणि डोग्रा दोस्तांनी ती चटणी भातावर घेतली की पराठ्यात भरली, असले प्रश्न बिनधास्त विचारावेत.

बैठक ४५ मिनिटांच्या वर नको. सकाळी, चहानंतर. संध्याकाळी मुद्दाम टाळा. काही आठवणी अंधार पडल्यावर माणसाला झोपू देत नाहीत आणि त्या रात्री घरातल्या दुसऱ्यांना निस्तरायच्या असतात. लढाईपासून सुरुवात नाही. पहिल्या दिवशी केस कापले तेव्हापासून सुरू करा. मग पिट्ठू, म्हणजे पाठीवरची पिशवी, कसा भरायचा ते प्रत्यक्ष भरून दाखवायला सांगा. उंचावरच्या चौकीत बुखारीत, म्हणजे खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीत, रॉकेल कसं सोडायचे, धुरानं सकाळी थुंकी काळी कशी यायची, तिथं बूट कुठं वाळवायचे. हात हलायला लागले की बाकीचं मागून येतं. सहकारी गेल्याचा विषय निघाला आणि अप्पा गप्प झाले तर गप्प राहा. पुढचा प्रश्न तयार ठेवून टपून बसू नका. रेकॉर्डिंग चालू असलं तरी उठून पाणी आणायला जा.

दोघांना एकत्र बसवून विचारणं ही दुसरी मोठी चूक. अप्पा सांगायला लागले की आजी "हो हो" करते. तिचं वेगळं, आणि हाताला काम असताना. शेंगा फोडताना, वाती वळताना. तिला "तुम्हाला अभिमान वाटायचा का?" असं विचारू नका. वाटायचा, असंच ती म्हणणार, दुसरं काय म्हणेल? विचारा, "दार कोण वाजवतंय याची भीती कोणत्या वर्षी जास्त होती?" आणि, "ते सुट्टीवर आले की पहिले चार दिवस पोरं कुणाजवळ झोपायची?"

देशप्रेमाचंही तसंच करावं लागतं. "देशसेवेच्या ओढीनं भरती झालो" हे वाक्य लिहून घ्या आणि खाली दोन ओळी मोकळ्या सोडा. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत त्या भरतात: कोरडवाहू चार एकर, तीन भाऊ, गिरणीत बदली कामगारालाही जागा नाही, भरतीत शेजारचा पोरगा लागला होता. पोटासाठी गेलेला माणूस वीस वर्षांनी ध्वज उतरताना आपोआप ताठ उभा राहतो. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्ही लिहायच्या. आपल्या गावाला तर हे जास्त कळायला हवं. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा रस्त्यावर उतरलेली फौज इंग्रजांची होती. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या पिढीतल्या आजोबा-पणजोबांचा घरातल्या पोराच्या फौजेत जाण्याला विरोध होता का, हा प्रश्न जुन्या घरांत विचारून बघा.

भाषा बदलू नका. लंगर म्हणजे लंगर, त्याचं 'भोजनगृह' करू नका. फॉलिन (रांगेत उभं राहणं), फटीग (अंगमेहनतीचं काम), उस्ताद, संतरी, छुट्टी, बडाखाना हे शब्द त्यांच्या तोंडात बसलेत. साहेबाशी झालेलं बोलणं हिंदीतच ठेवा. अक्कलकोटकडच्या घरात आईशी बोलणं कानडीत झालं असेल तर एखादं वाक्य तसंच देवनागरीत लिहून घ्या. आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या शौर्यकथा आजोबांच्या आठवणीत शिरलेल्या असतात, त्या वेगळ्या काढा. १० डिसेंबर १९७१ च्या सुमारास जमालपूरला लढली ती पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. अप्पांची बटालियन वेगळी असेल तर ते ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. अप्पा खोटं बोलत नसतात. पलटणीच्या मेसमध्ये गोष्टी अशाच एकाच्या दुसऱ्याला चिकटतात.

काय छापायचं नाही तेही ठरवा. नोकरीत असलेल्या जवानाला काहीही प्रसिद्ध करण्याआधी परवानगी लागते, १९५४ च्या आर्मी रूल्समधला २१ वा नियम त्यासाठीच आहे. निवृत्तांनाही शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ लागू आहेच. चौक्यांच्या जागा, वाटा, नकाशे, संकेतशब्द, शस्त्रांची संख्या नको. जुन्या फोटोत मागं बंकर किंवा उपकरण दिसत असेल तर फोटो कापून घ्या. शहीद झालेल्या सोबत्याचा शेवट लिहायचा असेल तर त्याच्या घरच्यांना आधी विचारा. त्यांना कदाचित वेगळंच सांगितलेलं असतं, 'झोपेतच गेला' वगैरे, आणि ते तसंच राहू द्यावं असं अप्पांनाही वाटत असतं.

परत आल्यानंतरची वर्षं बहुतेक वह्यांत नसतातच. डिस्चार्जच्या तारखेला वही संपते. जवानाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षं नोकरी लागते, म्हणजे अठराव्या वर्षी गेलेला माणूस पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं. पाण्याची पाळी कुणाची, सोसायटीचं कर्ज किती, पोराला गणितात किती मार्क, सगळं बायकोला माहीत. हा उठतो पहाटे साडेचारला, अंथरुणाच्या घड्या इंचात मोजतो, पोरांना रांगेत उभं करतो. पोरं आईच्या मागं लपतात. यासाठी किमान दहा जोडपानं ठेवा. बँकेत किंवा कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीची नोकरी लागली तेव्हा कुणाला सलाम करावा लागला, दारू कधी वाढली, कधी सुटली, कुणी सोडवली. हे छापायचं की नाही ते नंतर ठरवता येईल. लिहून मात्र आत्ताच घ्या.

कागद टिकवण्याचं थोडक्यात. पत्रं लॅमिनेट करू नका, एकदा केलं की परत निघत नाही आणि शाई आतच उडत जाते. सेलोटेपही नको. स्कॅन ३०० डीपीआयवर, छोटे फोटो ६०० वर, आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो पाठवला की व्हॉट्सॲप तो बारीक करतं. पत्र्याच्या खोलीत ट्रंक ठेवू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात आत भट्टी होते. भिंतीला टेकवून जमिनीवरही नको, वाळवी खालून येते. खाली चार विटा, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला तीन-चार तास जातात, त्या हिशेबानं माणूस लावा. टाइप युनिकोडमध्येच करा, जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसता कचरा दिसतो.

छापायला देण्याआधी सगळं एकदा दोघांसमोर मोठ्यानं वाचा. आता मात्र एकत्र. पंधरा-वीस पानं होतात न होतात तोच आजी म्हणते, "असं नव्हतं ते." फोन समोरच ठेवा, रेकॉर्डिंग चालू करून.